कानातला हेरंब

चार वाजताचं बातमीपत्र कोणाला देतात, हे कुठल्याही वाहिनीत विचारून बघा. ज्याला काढून टाकायचा धीर होत नाही आणि ठेवायची इच्छा उरलेली नाही, त्याला देतात. त्या वेळी टीव्ही बघतं कोण? म्हातारी माणसं चहाची वाट बघत डुलक्या काढतात, पोरं शाळेतून येऊन दप्तरं फेकतात, आणि कोपऱ्यात कोणी एक बाई मंत्र्यासंत्र्यांची नावं घेत असते. ती बाई म्हणजे शाल्मली बोरवणकर. एके काळी ती ‘दशदिशा’ वाहिनीवर रात्री नऊला यायची आणि घराघरांत तिच्या ‘नमस्कार’वर ताटं वाढली जायची. हेरंब गेला आणि वर्षाच्या आत नऊचं सात झालं, सातचं चार. चारच्या खाली आता फक्त पीकपाण्याचं हवामान होतं, आणि ते माणसाकडून वाचून घेणं वाहिनीने केव्हाच बंद केलं होतं.

हेरंब काळबांडे तिचा नवरा नव्हता. लग्न करू, करू म्हणत दोघांची नऊ वर्षं एका घरात निघाली, आणि पुढे लग्नाची आठवणही कोणी काढेना. तो मूळचा अमरावतीचा, वाहिनीतला निर्माता. म्हणजे तिच्या कानातला माणूस.

हे कानातलं प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. पडद्यावरची बाई आपल्याकडे बघून बोलते, पण ऐकत असते ती भलत्याचंच. तिच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र असतं आणि काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात बसलेला निर्माता त्यातून सारखा बोलत असतो. आता नागपूर घे, आता जाहिरात, पाच, चार, तीन, केस मागे घे, त्या पाहुण्याला आवर. बोलता बोलता ऐकणं ही या धंद्यातली खरी विद्या. आणि या धंद्यात एक रिवाज आहे: निर्माता गप्प झाला, तर समजायचं तुझं झकास चाललंय, तू बोलत राहा.

मतमोजणीच्या दिवशी हेरंब असाच गप्प झाला. शाल्मलीला वाटलं, आज आपण रंगलो आहोत. ती खुललीच. एका पडलेल्या उमेदवाराला तिने बोलता बोलता असं कोंडीत धरलं की बिचारा पाणी मागू लागला. जाहिरात लागली तेव्हा तिने काचेकडे बघून मोठ्या ऐटीत अंगठा वर केला. काचेपलीकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सगळी माणसं खाली, जमिनीकडे वाकली होती. हेरंबला रुग्णालयात नेलं, पण नेण्यात तसा अर्थ नव्हता.

तो गेला फुटाण्यांनी. फुटाणे म्हणजे काय, ते वृत्तकक्षात सगळ्यांना ठाऊक होतं. औषधाचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते निघालं होतं वैमानिकांसाठी. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते साठत गेलं की आपल्याला पेंग येते, आणि झोपेत ते निचरून जातं. कॉफी त्या द्रव्याची मेंदूतली जागा घटकाभर अडवते. ही गोळी ती जागा दीड-दोन दिवस अडवून बसायची. त्यामुळे थकवा जायचा नाही, नुसता कळेनासा व्हायचा. मेंदू ताजातवाना, आणि खाली हृदय मात्र रात्रंदिवस जुंपलेलं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर महिन्याला मोजक्याच मिळायच्या, पण काळ्या बाजारात वाटेल तेवढ्या. निवडणुकीच्या दिवसांत तर ‘दोन फुटाणे टाक रे’ असं लोक चहा मागितल्यासारखं म्हणायचे. हेरंबने शेवटची दोन वर्षं त्याच फुटाण्यांवर काढली. शवविच्छेदनात सगळं निघालं. वाहिनीने ‘वैयक्तिक सवय’ म्हणून हात झटकले आणि श्रद्धांजलीची चौकट शाल्मलीकडूनच वाचून घेतली.

एवढं होऊन ती रजेवर गेली असती, चार महिने रडली असती, तर कदाचित सावरली असती. पण संपादक गायधनी कनवाळू निघाले. कनवाळू माणसांपासून देव वाचवो.

‘‘एक नवं यंत्र आलंय,’’ ते म्हणाले. ‘‘कर्णिका. बघ वापरून. तुला आधार होईल.’’

कर्णिका दिसायला जुन्या यंत्रासारखीच, पण तिच्या अंगाला केसासारख्या बारीक तारा होत्या. कानाची पोकळी मेंदूच्या अगदी शेजारची, त्यामुळे तिथल्या कातडीवरही मेंदूच्या विद्युतलहरी क्षीणपणे उमटतात. लक्ष ढळू लागलं की या लहरी संथ होतात, आणि माणसाला स्वतःला कळायच्या आधी कर्णिकेला कळतं की ही आता अडखळणार. तेवढ्यात ती कानात पुढचा शब्द पुरवते. हे झालं यंत्र. त्याला आवाज हवा होता. नियंत्रण कक्षात निर्मात्याचं बोलणं ध्वनिमुद्रित होतच असतं. ओजस रानडे नावाच्या तरुण अभियंत्याने हेरंबची सगळी ध्वनिमुद्रणं यंत्राला पाजली. त्याने यंत्राला शिकवलं, हा माणूस कधी काय बोलतो, कसं बोलतो, कशावर खूश होतो.

पहिल्या दिवशी कर्णिका कानात घातली आणि हेरंब म्हणाला, ‘‘शालू, तयार? चल.’’

ती तिथेच मोडली. रंगभूषा पुन्हा करावी लागली. पण त्या दिवशीचं बातमीपत्र वर्षातलं सगळ्यात चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

नंतर तिने कर्णिका घरी आणली. तशी परवानगी नव्हती, पण तिला कोण अडवणार? भाजी चिरताना, अंघोळीआधी, जिन्यात, हेरंब कानात असायचा. ‘शालू, पोहे करपतायत.’ ‘शालू, छत्री.’ खोटं वाटेल, पण पोहे खरंच करपत असायचे, कारण तिचं लक्ष उडालेलं यंत्राला कळायचं. बाकी अंदाज ते बांधायचं. आणि तिचं चित्त एकवटलेलं असलं, लहरी कशा लख्ख असल्या, की तो म्हणायचा, ‘‘वा, शालू! क्या बात है!’’

या पाच शब्दांसाठी ती जगू लागली. पण दुःखात माणसाचं चित्त एकवटतं कुठे? सारखं भरकटतं. भरकटलं की हेरंबचा आवाज चढायचा. ‘चल, शालू. चल, चल, चल.’ तिने खूप जोर लावला, कॉफी वाढवली. एके दिवशी मतमोजणीच्या दिवसांतली त्याची जुनी बॅग उघडली, कप्प्यात पुडी सापडली. तिने एक फुटाणा खाल्ला. अर्ध्या तासात कानात आलं, ‘‘वा, शालू! क्या बात है!’’ ते ऐकून ती आनंदाने रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ला.

ज्याने त्याला नेलं, तेच ती त्याच्यासाठी खाऊ लागली. हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण त्या आवाजापुढे तिचं काही चालत नव्हतं.

मग उतरण लागली. गाल बसले, केस कंगव्यात येऊ लागले. रंगभूषा करणाऱ्या बाईवर ती एवढ्यातेवढ्यावरून खेकसायची. मैत्रिणी फोन करून थकल्या. आणि एका माजी मुख्यमंत्र्यांच्या निधनाची बातमी देताना, अख्ख्या महाराष्ट्रासमोर, ती गोड हसून म्हणाली, ‘‘हो रे राजा, घेते ना.’’ कानात हेरंबने ‘शालू, ब्लाउजवरचा माइक सरळ घे’ म्हटलं होतं. नऊ वर्षांत ती कॅमेऱ्यासमोर त्याला एकदाही उत्तर देऊन बसली नव्हती. ती चित्रफीत घराघरात पोचली. लोकांनी तिच्यावर गाणीसुद्धा रचली. नऊचं सात झालं ते त्यानंतर. सातचं चार झालं, कारण एकदा तिचे हात इतके कापत होते की कागदाचा आवाज माइकमध्ये येत राहिला.

अशात एका सकाळी अमरावतीहून हेरंबची थोरली बहीण आली. वैजयंती. सगळे तिला वैजूताई म्हणत. बँकेतून निवृत्त झालेली, ठणठणीत बाई. लग्नाशिवाय एकत्र राहतात म्हणून पहिली दोन वर्षं तिने शाल्मलीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि नंतर दर दिवाळीला न चुकता फराळाचा डबा पाठवला होता. आता ती आली होती एका सहीसाठी. नव्या कायद्याप्रमाणे मेलेल्या माणसाच्या आवाजावर जवळच्या नातलगाचा हक्क असतो. तो आवाज वापरायचा तर दरवर्षी संमती लागते. शाल्मली कायद्याने कोणीच नव्हती. पहिल्या वर्षीची संमती वैजूताईने काही न विचारता पाठवली होती. या वेळी ती म्हणाली होती, आधी येऊन पाहते.

दार उघडल्यावर ती उंबऱ्यातच थांबली.

‘‘काय अवतार करून ठेवला गं माय हा? जेवत नाई का तू काही?’’

‘‘जेवते ना ताई. या, बसा. प्रवास कसा झाला?’’

‘‘प्रवासाले काय धाड भरली! तू बस आधी. उभी राहून राहून पडशील.’’

तिने बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. फ्रीजमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं. डब्यांतून तांदूळ आणि बेसन शोधून ती गोळाभाताच्या तयारीला लागली. शाल्मली ओट्यापाशी पायांचा चाळा करत उभी राहिली. तिला एका जागी उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

‘‘ताई, सही आजच कराल ना? मुदत उद्या संपते.’’

‘‘करू बापा. इतकी काय घाई? मले सांग, हे ऐकून तुले बरं वाटते?’’

‘‘ताई, तो आहे तो. तुम्ही एकदा ऐका तर. मग तुम्हीच म्हणाल.’’

शाल्मलीने कर्णिका फोनला जोडली आणि आवाज बाहेर सोडला. कानातली तशीच ठेवली, कारण लहरी मिळाल्याशिवाय ती बोलत नसे.

‘‘हेरंब, ताई आल्यात.’’

‘‘अरे वा, ताई! बोला पटकन. शालू, चारचं आहे ना आज? ताईंना सांग पाच मिनिटांत आवरा. चल, चल. गॅस बघ. हां. पुढे?’’

वैजूताईच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि शाल्मलीला वाटलं, जिंकलं. पण ताईने पदराने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली,

‘‘आवाज त्याचा आहे. तो नव्हे हा.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘अगं, आमचा हेरंब कधी ‘पटकन’ म्हणे का? एक वाक्य बोलाले त्याले अर्धा कप चहा लागे. आमचे बाबा म्हणत, याच्यासोबत बोलाले बसायचं तर शिदोरी घेऊन बसावं. आन् मले ‘बोला’? मले तो जन्मात ‘तुम्ही’ म्हणला नाई.’’

‘‘कामाच्या वेळी तो असाच होता.’’

‘‘केव्हापासून?’’

 शाल्मलीला पहिल्यांदा भेटलेला हेरंब आठवला. कॅन्टीनमध्ये तो तिला काहीतरी सांगत होता आणि सांगता सांगता इतका थांबला होता, की तिला वाटलं हा विसरला. तो विसरला नव्हता. शब्द शोधत होता. नियंत्रण कक्षातही तो कमी बोलायचा, आकडे हळू मोजायचा, आणि त्याच्या त्या संथपणामुळेच ती कॅमेऱ्यासमोर निर्धास्त असायची. तो हेरंब कधी गेला? फुटाणे सुरू झाले तेव्हा. तो तर मतमोजणीच्या दोन वर्षं आधीच गेला होता, आणि ती त्याच्याच घरात राहत होती, तरी तिला कळलं नव्हतं.

तिने ओजसला फोन लावला.

‘‘ओजस, कर्णिकेला किती वर्षांचं ध्वनिमुद्रण दिलंस?’’

‘‘मॅडम, साठवणुकीचा खर्च फार म्हणून वाहिनी जुनं पुसून टाकते. दोनच वर्षांचं होतं. पण दर्जा उत्तम होता हां. सरांचा वेगही एकदम जबरदस्त.’’

‘‘तो वेग गोळीचा होता, ओजस.’’

 तो हळूच म्हणाला, ‘‘मला माहीत नव्हतं, मॅडम. मी सरांना तेव्हा ओळखतच नव्हतो.’’ बिचाऱ्याचं खरंच काही चुकलं नव्हतं. त्याला जे दिलं, ते त्याने शिकवलं. आणि लगेच, ही मंडळी नेहमी करतात तसं, त्याने तोडगाही काढला. ‘‘जुनं काही आहे का कोणाकडे? फोनवरचे निरोप वगैरे? वीसेक तासांचं मिळालं तर मी तुम्हाला मूळचे सर करून देतो. आठवड्याभरात.’’

मूळचे सर!  शाल्मलीने वैजूताईकडे बघितलं. ताई नको म्हणणार हे धरूनच ती बोलली.

‘‘ताई, तुमच्याकडे त्याचे जुने निरोप असतील ना? तो तुम्हाला पाठवायचा.’’

‘‘आहेत. सगळे आहेत. एकही पुसला नाई म्या.’’

‘‘द्याल?’’

वैजूताईने हात धुतले, पुसले. चष्मा लावला. ‘‘तू म्हण दे, मी देते,’’ ती म्हणाली. ‘‘सहीही करते. तो तुहाही होता, माह्या एकटीचा नव्हता. पण आधी एक ऐकून घे.’’

तिने फोनवर बोट फिरवत फिरवत बारा वर्षांपूर्वीचा एक निरोप काढला. आधी कुठल्याशा रस्त्याचा गोंगाट. मग हेरंब.

‘‘ताई... अं... पोचलो वो मी. म्हणजे, आत्ताच. जेवलो. भाजी... काय होती बरं... हां, वांग्याची. तुह्यासारखी नाई. ताई, ते तू म्हणत होती ना, ते... थांब हां...’’

आणि त्याने जांभई दिली. चांगली लांबलचक, तोंड भरून, शेवटी हुंकारत विरून गेलेली. ‘‘लय झोप येऊन राहिली वो. उद्या बोलू आपण. उद्या सांगतो.’’

निरोप संपला. शाल्मली भिंतीला टेकून उभी होती. इतक्या महिन्यांत कानातल्या हेरंबने एकदाही जांभई दिली नव्हती. त्याला कधी झोप आली नव्हती, कधी ‘उद्या बोलू’ म्हणाला नव्हता.

फोन अजून चालूच होता. पलीकडून ओजस उत्साहाने म्हणाला, ‘‘मॅडम, ऐकलं मी. छान आहे, चालेल! ते थांबणं, जांभया, खोकले वगैरे आम्ही गाळून टाकतो. तो सगळा कचरा असतो.’’

‘‘तोच हेरंब होता, ओजस,’’ शाल्मली म्हणाली. ‘‘नको करूस काही. ठेवते.’’

तिने कानातली कर्णिका काढली. काढताना कान दुखला, कारण तारांखालची कातडी कधीच लाल झाली होती. यंत्र ओट्यावर ठेवून ती म्हणाली, ‘‘ताई, सही नका करू.’’

‘‘नाई करत.’’

‘‘तो परत जाईल ताई. आता परत जाईल तो.’’

‘‘जाऊ दे गं माय. त्याले जाऊ दे.’’

मग ती रडली. वाहिनीवर वाचायला दिलेल्या श्रद्धांजलीत जे बसलं नव्हतं, ते सगळं रडली. वैजूताईने तिला खाटेवर नेऊन बसवलं, तिच्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि केस हातात आले तरी थांबली नाही.

‘‘कधीपासून खाऊन राहिली त्या गोळ्या?’’ तिने विचारलं. शाल्मलीने खोटं सांगितलं नाही. पर्समधली पुडी काढून दिली. ‘‘उद्या डॉक्टरकडे जाऊ,’’ वैजूताई म्हणाली. ‘‘मी कुठे जाऊन नाई राहिली.’’

‘‘परत लावा ना तो निरोप.’’

वैजूताईने लावला. पोचलो वो मी. वांग्याची भाजी. थांब हां. आणि ती जांभई.

जांभईचं शास्त्र अजून कोणाला धड उलगडलेलं नाही. ती का येते यावर मतभेद आहेत. पण ती लागते एवढं खरं. दिसली तरी लागते, ऐकू आली तरी लागते, आणि जवळच्या माणसाची जास्त लागते. शाल्मलीने दोन दिवसांपूर्वी खाल्लेला फुटाणा उतरणीला लागला होता आणि सकाळचा खायचा राहिला होता. तिचा जबडा आपसूक ताणला गेला. डोळ्यांत पाणी आलं, ते रडण्याचं नव्हतं. तिला जांभई आली. मग दुसरी आली. इतक्या महिन्यांचा शीण एकदम अंगावर आला आणि तिला पाय वर घेण्याचंही त्राण राहिलं नाही. ते वैजूताईने उचलून वर ठेवले.

‘‘ताई, माझं चारचं...’’

‘‘हो, हो.’’

वाक्य पुरं व्हायच्या आत ती झोपली. तोंड उघडं, केस विस्कटलेले, आणि चक्क घोरत. अख्ख्या महाराष्ट्राने तिला हजारदा पाहिलं होतं, पण असं कोणी पाहिलं नव्हतं.

वैजूताईने स्वयंपाकघरात जाऊन कुकर चढवला. थोड्या वेळाने शाल्मलीचा फोन वाजला. गायधनी होते.

‘‘शाल्मली कुठे आहे? गाडी खाली उभी आहे. रंगभूषेला यायची वेळ झाली.’’

‘‘झोपली ते.’’

‘‘झोपली? अहो, उठवा तिला! आपण कोण?’’

‘‘हेरंबची बहीण.’’

गायधनी जरा नरमले. ‘‘ताई, नमस्कार. अहो, या महिन्यात एक जरी बातमीपत्र चुकलं ना, तर वरचे लोक तिला ठेवणार नाहीत. मी तिच्या भल्यासाठीच सांगतोय. पाच मिनिटं तोंडावर पाणी मारा, येईल भानावर.’’

वैजूताईने दारातून आत पाहिलं. शाल्मली कुशीवर वळली होती.

‘‘हे पाहा, भाऊ,’’ ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘माह्या भावाले तुम्ही झोपू नाई दिलं. हिले मी झोपू देऊन राहिली. बातम्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या.’’

तिने फोन बंद केला, खोलीतला पडदा ओढला, आणि शिटी व्हायच्या आत जाऊन कुकरखालचा गॅस विझवला.